नशा करणाऱ्या भिकाऱ्याला पैसे देता का? अनुभव सांगा

तलावपाळी:
काल तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात एका माणसाने हात पुढे केला, तोंडाला हा भपकारा. मी पर्स उघडायच्या आत रिक्षावाले काका ओरडले, ताई देऊ नका, बेवडा आहे, इथून सरळ गुत्त्यावर जाईल.

बाबांची आठवण आली एकदम. वागळे इस्टेटला कंपनीत होते, दर सोमवारी कोपिनेश्वरला जायचे आणि बाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला पैसे द्यायचेच, तो पिऊन असला तरी. आई चिडायची, तुमच्या पैशाची चपटी येते म्हणून. बाबांचं एकच, दिले तेव्हाच ते त्याचे झाले, माझ्या पगाराचं मी काय करतो हे साहेब विचारतो का? लहानपणी मला बाबांचं पटायचं, आता आईचं पटतं, आणि तरी काल न देता घरी आल्यावर काहीतरी टोचत राहिलं. तुम्ही काय करता? ज्ञान नको, घडलेलं सांगा.

खारीगावकर:
मी फक्त खायला देतो. बिस्किटचा पुडा फोडूनच द्यायचा, नाहीतर तोच पुडा कमी पैशात परत दुकानात जातो, आमच्या इथला दुकानदारच सांगत होता

मिसळ_कमी_तिखट:
म्हणजे दुकानदार विकत पण घेतो आणि तुम्हाला अक्कल पण शिकवतो 😂

नाइट_ड्युटी:
सिस्टर आहे, सरकारी हॉस्पिटलात. घाईत लिहितेय कुकर लावलाय. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की एकदोन दिवसांत हात थरथरायला लागतात, फिट येऊ शकते, काहींना भिंतीवर किडे दिसतात, जीव पण जातो. असे पेशंट कॅज्युअल्टीला कायम येतात आणि नातेवाईक म्हणतात सिस्टर आता तर चांगला सोडत होता. त्यामुळे तो दहा रुपयांची घेणार हे खरंच आहे, पण मजा म्हणून घेतो असं नका समजू, सकाळचा पहिला घोट कित्येकदा हात स्थिर व्हायला असतो. द्या म्हणत नाहीये हां मी. मी स्वतः कधी देते कधी नाही, मूडवर आहे खरं सांगायचं तर.

नियमाने_चला:
मुळात भीक मागणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. १९५९ चा कायदा आहे, पकडून भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, चेंबूरला आहे की. तुम्ही लोक देता म्हणून हे वाढतं.

खारीगावकर:
@नियमाने_चला त्याच कायद्यातली बरीच कलमं दिल्ली हायकोर्टाने २०१८ ला दिल्लीपुरती रद्द केली. आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की माणूस गरिबीने मागतो, सरसकट बंदी घालणार नाही. बाकी आत टाकून व्यसन सुटत असतं तर काय हवं होतं

जुईनगर_लोकल:
लिहू की नको करत होते. माझा सख्खा मामा वाशी स्टेशनबाहेर मागायचा. फिटर होता तुर्भ्याला, चांगला हात होता, मग कंपनी बंद झाली आणि पिणं आधीपासून होतंच. आई त्या बाजूने उतरायचीच नाही, दुसऱ्या बाजूने लांबून वळसा घेऊन यायची. एक गृहस्थ ऑफिसला जाताना त्याला रोज वीस रुपये द्यायचे, आईने एकदा त्यांना गाठून हात जोडले, भाऊ आहे माझा, नका देऊ. त्यांनी बिचाऱ्यांनी बंद केलं. मामाने आधी चपला विकल्या मग रिक्षा स्टँडवर कोणाचा तरी मोबाइल उचलला आणि बेदम मार खाल्ला. म्हणून पैसे बंद केले की दारू सुटते हे मला कोणी सांगू नये. दिल्याने बरा झाला असंही नाही. त्या वीस रुपयेवाल्यांबद्दल एक मात्र आहे, ते त्याला नावाने हाक मारायचे, आम्ही घरचे तेव्हा तेही करत नव्हतो.
नंतर पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, तो स्वतः हो म्हणाला तेव्हाच. मधे परत घसरला, आता बरा आहे, वॉचमनची नोकरी आहे. सणासुदीला आई अजून त्याच्या हाताकडे बघत असते.

तलावपाळी:
वाचून गप्पच झाले ग. लिहिलंस ते बरं केलंस.

मिसळ_कमी_तिखट:
❤️ मुक्तांगण म्हणजे अवचटांचं ना? १९८६ ला सुरू झालं, पुलंनी पैसे दिले होते त्याला

सानपाडा_ब्रिज:
मोठ्यांचं ठीक आहे पण पोरं? पुलाखाली आठदहा वर्षांची पोरं फडक्यात पंक्चरचं सोल्युशन ओतून नशेसाठी हुंगत बसतात, भूक कळत नाही म्हणे त्याने. व्हाइटनरच्या बाटलीवर बंदी येऊन किती वर्षं झाली, पंक्चरवाल्याकडची ट्यूब मिळतेच. त्यांच्या हातात रोख पैसे ठेवणाऱ्याला मी सरळ तोंडावर बोलते, कोणाला राग आला तर येऊ दे. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, खायला द्या आणि ते खाईपर्यंत तिथे थांबा. माझ्या नवऱ्याला हे आवडत नाही, उशीर होतो म्हणून भुणभुण

पनवेल_फास्ट:
लोकलमध्ये आता क्यूआर कोड घेऊन फिरतात, सुट्टे नाहीत म्हणायची सोय पण गेली

खारीगावकर:
मी एकाला दहा रुपयांची शिवभोजन थाळी घेऊन दिली तर म्हणे भात नको, पोटात राहत नाही. तेव्हा राग आला होता. सिस्टरचं वाचून आता वाटतंय खरं असेल

नाइट_ड्युटी:
असतं. पोटाची वाट लागलेली असते, जेवण उलटून पडतं. पेज, केळं, ताक असलं थोडं थोडं चालतं.

घणसोली_गावठाण:
सिस्टर धाग्याशी संबंध नाही पण विचारते. आमच्या शेजारच्या दादांनी परवापासून बंद केलीये, वहिनींनी देवापुढे शपथ घातली, आज हात फार हलतायत आणि झोप नाही. लिंबू सरबत देतोय

नाइट_ड्युटी:
सरबतावर काढू नका, आत्ता डॉक्टरकडे न्या. रोज किती प्यायचे ते खरं सांगायला लावा वहिनींना, लपवू नका. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर थेट कॅज्युअल्टी. नंतर सल्ल्यासाठी १४४४६ आहे, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, फ्री आहे.

घणसोली_गावठाण:
रिक्षा बोलावली. मेसेज केलाय बघा