मदत हवी आहे : तापली की गाडी सुरूच होत नाही

राम राम भाऊ लोक. माझी १९९६ची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग) पेट्रोल गाडी आहे. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. पण भुसावळहून जळगावला येऊन थोडा वेळ उन्हात उभी केली, की सेल्फ (स्टार्टर मोटर) जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. तासाभराने आपोआप ठीक!

मिस्तरी म्हणतो सेल्फ बदला. मला पटत नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारतानाही १०च्या खाली जात नाही, म्हणजे तिकडे दोष दिसत नाही.

माझा संशय असा, की आपल्याकडच्या मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत बंद गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) जास्तीचं उतरत असावं. बॉनेट उघडलं की वास येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर कधीकधी सुरू होते. पण इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तापून ठिणगीच बंद पडत असेल तर? पेट्रोलच्या त्या वासात प्लग काढून ठिणगी बघायची हिंमत होत नाही. टायमिंग लाइट (प्लगच्या वायरला लावायचा, ठिणगीगणिक लुकलुकणारा दिवा) लावून कळेल का? कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर (इंजिनची उष्णता अडवणारा तुकडा) खराब झाला तरी असं होतं का?

जळगाव-धुळ्याकडे कार्ब्युरेटर जाणणारा मिस्तरी असेल तर सांगा. नवीन पोरं आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायचं यंत्र) काढतात, आणि या गाडीत तो लावायला जागाच नाही.