ईयोबाचे मित्र: हेतू चांगला होता?

कोणीतरी म्हटलंय की बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळल्यावर त्याला भेटायला आलेल्या तीन मित्रांचा हेतू चांगला होता, फक्त बोलायची पद्धत चुकली. पहिल्या 7 दिवसांपुरतं मान्य, त्याच्याजवळ जमिनीवर 7 दिवस-रात्र गप्प बसून राहिले ते (आपण तर भेटायला गेलो की चहा यायच्या आत उपदेश सुरू!). पण बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा 22 वा अध्याय काढून बघा, त्या तिघांतला अलीफज सरळ आरोपच करतो, तू थकलेल्याला पाणी पाजलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने घालवून दिलंस. पुरावा? काही नाही, दुःख आलंय म्हणजे पाप असणारच, हे डोक्यात फिट्ट. देवाची वकिली करण्याच्या नादात मित्रावर चक्क खोटं रचलं की. शेवटी देव ईयोबालाही सुनावतो, पण राग भडकतो तो या तिघांवर, आणि यांच्यासाठी प्रार्थना करायची कोणी, तर ईयोबानेच.