मदत हवी आहे: डेट्रॉइटमध्ये लेकीसोबत सायकलने जायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही नोव्हायला राहतो. येत्या शनिवारी १३ वर्षांच्या लेकीला डेट्रॉइटमध्ये सायकलवर न्यायचंय. १९८८ पासून बंद पडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, ते तिला दाखवायची फार इच्छा आहे. ईस्टर्न मार्केटपाशी गाडी लावून डिक्विंडर कटने, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेने, नदीपर्यंत जाऊ. तिथवर मोटारींची चिंता नाही. पुढे कॉर्कटाउनला, म्हणजे ते स्टेशन आहे त्या भागात, कसं जावं? मिशिगन अव्हेन्यूची सायकल लेन मुलांना झेपेल का? आतल्या गल्ल्या मला जास्त आवडतात, एक घर नव्याने रंगवलेलं, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत. पण तिथे कडेला काचा असतात. कुणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज रस्ता सांगा. वाटेत पंक्चर काढून देणारं दुकान माहीत असेल तर तेही कळवा.