‘जबाबदार’, ‘दोषी’ की ‘दायी’? बस-अपघाताच्या दाव्यातील शब्द

प्रश्न : मोटार अपघात दाव्यातील एका निकालपत्राचा मराठी अनुवाद करताना ‘बसचालक, बसमालक आणि विमा कंपनी हे तिघेही अपघातास जबाबदार आहेत’ असे वाक्य मी लिहिले. अनुवाद तपासणाऱ्या वकिलांनी त्याखाली रेघ ओढून समासात लिहिले, ‘विमा कंपनीने बस ठोकली काय?’ ‘जबाबदार’ऐवजी ‘उत्तरदायी’ घातल्याने ही चूक दुरुस्त होईल का?

उत्तर : होणार नाही. दोन्ही शब्दांत उत्तर देण्याचीच कल्पना आहे, आणि दावा ज्यांच्याविरुद्ध असतो त्यांना ‘जाबदेणार क्र. १, २, ३’ म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला आहे. तुमची अडचण या शब्दाची नसून त्याआधी काय येते याची आहे. ‘अपघातास जबाबदार’ म्हटले की अपघात कोणामुळे घडला हे सांगितले जाते; ‘भरपाई देण्यास जबाबदार’ म्हटले की पैसे कोणी द्यायचे हे सांगितले जाते. चालक हयगयीने बस चालवतो, तो नोकरीच्या ओघात चालवत असल्यामुळे मालकावर देणे येते, आणि मालकाने विमा उतरवलेला असल्यामुळे ते देणे कंपनीकडे जाते. या साखळीत अपघातास कारण एकटा चालकच असू शकतो. दुसऱ्या अर्थासाठी ‘दायित्व’ हा शब्द नेमका आहे, कारण त्यात ‘देणे’ आहे.

‘दोषी’ मात्र येथे मुळीच वापरू नये. दोषी ठरवते ते फौजदारी न्यायालय. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हयगय झाली की नाही ते पाहते आणि भरपाई ठरवते. फौजदारी खटल्यातून चालक सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे आपोआप पडत नाही, हे लक्षात घेतले तर बातम्यांमधले ‘चालक दोषी, कुटुंबाला भरपाई’ हे मथळे किती घोटाळा करतात ते कळेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाल्यानंतरच्या कलम १६४ खाली तर मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्यासाठी कोणाचीही चूक सिद्ध करावी लागत नाही. दोष न दाखवताही दायित्व असते, ते असे.

शंका : फिर्यादीत ‘हयगयीने व बेदरकारपणे, भरधाव वेगात’ असे ठरावीक शब्द येतात. ‘हयगय’ आणि ‘बेदरकारपणा’ यांत खरेच फरक आहे का, की ती नुसती जोडी आहे?

उत्तर : फरक आहे. औषध घेण्यात हयगय होते, म्हणजे जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली जात नाही. बेदरकार माणसाला मात्र धोका दिसत असतो, पण त्याला त्याची दरकार नसते. ब्रेक नीट लागत नाहीत असे चालकाने सांगूनही मालकाने ते तपासले नाहीत, ही मालकाची हयगय; तीच बस घाटात चालकाने भरधाव सोडली, हा चालकाचा बेदरकारपणा. आता दोघांचीही चूक असल्यामुळे निकालात ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ हे शब्द येतील, म्हणजे अर्जदाराला संपूर्ण रक्कम कोणा एकाकडूनही मागता येईल आणि आपापसातला हिशेब ते दोघे पाहतील. या जोडीतले ‘पृथकपणे’ अनुवादक बहुधा गाळतात आणि अर्जदाराचे नुकसान करतात.

जाता जाता, ‘अपघाताला पाऊस जबाबदार’ हेही टाळावे, कारण पावसाला जाब विचारता येत नाही. खड्डा हेही कारणच. जबाबदार असेल तर तो बुजवणे ज्याचे काम होते तो.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘अपघात बसचालकाच्या हयगयीमुळे झाला असून, भरपाई देण्याचे दायित्व चालक, मालक व विमा कंपनी यांच्यावर संयुक्तपणे व पृथकपणे आहे.’