मदत हवी आहे: चिनी विद्यार्थ्यांना ‘टेक ऑफ’ कसं शिकवावं?

प्रौढ चिनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. ‘टेक ऑफ’चे अर्थ (काढणं, उड्डाण, रजा घेणं, किंमत कमी करणं) त्यांना पाठ आहेत, बोलताना मात्र ‘टेक ऑफ इट’ येतं आणि सवलतीचा आकडा तर उलटाच होतो. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
अर्थांची यादी आधी बाजूला ठेवा. आपण बूट, चष्मा, टोपी सगळं ‘काढतो’. मँडरिनमध्ये कपडे-बुटांना ‘थ्वो’, चष्मा-टोपी-घड्याळाला ‘चाइ’, विमानाच्या उड्डाणाला ‘छीफेई’. ‘टेक ऑफ म्हणजे थ्वो’ असं घोकलेला विद्यार्थी चष्म्यापाशी अडतो आणि ‘रिमूव्ह’वर जातो. म्हणून वहीत नामासकटच लिहायला लावा: टेक युअर शूज ऑफ, टेक युअर ग्लासेस ऑफ. विमानाच्या ‘टेक ऑफ’ला कर्म लागत नाही, हे त्याच दिवशी सांगा, नाहीतर ‘द प्लेन वॉज टेकन ऑफ’ ऐकावं लागेल.

‘टेक ऑफ इट’चं मूळ त्यांच्या भाषेत आहे. ‘थ्वोत्याव’मध्ये क्रियापद (‘थ्वो’) आणि त्याला जोडलेलं पूरक (‘त्याव’) सहसा चिकटूनच राहतात, वस्तू मागून येते. इंग्रजीत ‘शूज’ मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालतं. ‘इट’, ‘देम’ मात्र मध्येच. नियम सांगून भागत नाही. मी नाम म्हणायचं, त्यांनी लगेच सर्वनाम घालून वाक्य म्हणायचं, जोर ‘ऑफ’वर. दहा-बारा वस्तू झाल्या की जीभ वळते.

मूळ प्रश्नकर्ती
मँडरिनमध्ये ‘बा’ हा शब्द लावून वस्तू आधी आणतात. ती वाक्यरचना आधार म्हणून वापरू का?

प्रतिसाद २
वापरा, पण जपून. ‘बा’मुळे वस्तू पूरकाच्या आधी येते हे पटतं, मात्र ती क्रियापदाच्याही आधी जाते, आणि विद्यार्थी ‘इट टेक ऑफ’ म्हणू लागतो. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बाण काढा.

रजेसाठी ‘छिंगच्या’ म्हणजे रजा मागणं. ‘टेक मंडे ऑफ’ म्हणजे त्या दिवशी कामावर न जाणं. ‘टेक ऑफ मंडे’ची सवय लागू देऊ नका, ऐकणाऱ्याला ‘सोमवारी निघणार’ असं वाटू शकतं.

सवलतीचा घोळ सगळ्यात चिवट. ‘ता पा चअ’ या सवलतीच्या चिनी शब्दप्रयोगात ‘पा’ म्हणजे आठ, पण तो आकडा ग्राहकाने द्यायच्या भागाचा आहे: दहातले आठ. इंग्रजी सांगतं कापलेला भाग. 200 युआनचा कोट घ्या: द्यायचे 160, कापले 40. वाक्य ‘दे टुक फॉर्टी युआन ऑफ’, पाटीवर ‘ट्वेंटी पर्सेंट ऑफ’. आधी युआनमध्ये वजाबाकी, मग टक्के. थेट टक्क्यांवर गेलात तर ‘एटी पर्सेंट ऑफ’ येणारच.