मदत हवी आहे: काचेला चिकटलेला आजीचा फोटो

आजीच्या स्मरणपुस्तिकेचं काम सुरू आहे. वाचनालय, रक्तदान, संसार, नातवंडं, सगळं ३२ पानांत बसवायचंय (मधोमध पिना, म्हणून पानं ४ च्या पटीत). सुटे फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन झालेत; पासपोर्ट आकाराचे १२०० वर, म्हणजे चौपट मोठे छापले तरी ३०० राहतात.

अडलंय ते आजी-आजोबांच्या फ्रेममधल्या फोटोपाशी. ओलीने फोटोवरचा जिलेटिनचा थर (ज्यात चित्र असतं) मऊ होऊन काचेला चिकटलाय. ओढला तर चेहराच निघेल. काचेसकट स्कॅन केला तर इंद्रधनुषी वलयं उमटतात. कॅमेऱ्याने टिपताना दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे आणि कॅमेऱ्यापुढे काळं कापड पुरेल, की पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लागतोच? असा फोटो कुणी भिजवून सोडवलाय का? हाताने भरलेले रंग टिकले का?