बीटाचा ज्यूस मिक्सरमध्ये: फेस येतो, वास जात नाही

बी-३०२: ज्यूसर नाही, मिक्सरच आहे. बीटाचा ज्यूस केला की निम्मा फेस, आणि मातीचा वास जात नाही. काय करावं?

ए-१०४: वास मुख्यतः सालीत असतो. बीट आधी चोळून धुवा, साल जाड काढा, देठाकडचा अर्धा इंच कापून टाका आणि परत धुवा. बहुतेक जण हे दुसऱ्यांदा धुणं गाळतात. दोन छोट्या पेल्यांना पाव किलो पुरे. लहान, टणक बीटं घ्या. मोठी जून असतात, चोथाच जास्त.

बी-३०२: आणि फेस, काकू?

ए-१०४: सुरुवातीलाच पाणी ओतून फुल स्पीडला फिरवलं की हवा भरते, फेस होणारच. बोराएवढे तुकडे करा, नाहीतर पात्यात अडकतात. पाण्याशिवाय चार-पाच वेळा पल्स द्या, किसासारखं झालं की अर्धी वाटी गार पाणी घालून अर्धा मिनिट फिरवा, बस्स. आल्याचा छोटा तुकडा सोबतच टाका.

सी-५०३: गाळायचं कशातून? चहाची गाळणी तुंबते.

ए-१०४: तुंबणारच. जुना मलमलचा पंचा घ्या, तो कायमचा बीटालाच ठेवा, कारण रंग जात नाही. पुरचुंडी करून पिळा. अर्धं लिंबू गाळल्यावर पिळायचं, वर चिमूटभर काळं मीठ आणि जिरेपूड. लिंबू फक्त चवीला नाही हं, आंबटामुळे तो मातकट वास खरंच उतरतो. रंगही टिकतो.

डी-२०१: ओट्यावर सांडलं तर लगेच पुसा. पण ओटा मार्बलचा असेल तर त्यावर लिंबू घासू नका, पॉलिश जाईल. हाताला मात्र लिंबू-मीठ चालतं.

सी-५०३: सकाळी करून रात्रीपर्यंत ठेवला तर?

डी-२०१: काचेची बाटली काठोकाठ भरून लगेच फ्रिजमध्ये, आणि २४ तासांत संपवा. बाहेर अजिबात नको. बीटात नायट्रेट भरपूर असतं, उघड्यावर जंतू वाढले की त्याचं नायट्राइट होतं, आणि ते जास्त झालं की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर बीटाचा रस देऊच नका. हवा-उजेड लागला की रंगही तपकिरी पडतो.

बी-३०२: हिमोग्लोबिनसाठी आईंना द्यायचा आहे.

डी-२०१: ताई, रंगावर जाऊ नका. १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं. फोलेट (एक बी जीवनसत्त्व) चांगलं असतं, पण लोहाच्या गोळीच्या जागी हा ज्यूस नाही चालणार. बीपी थोडं उतरतं हे खरं, म्हणून बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. मुतखडा झालेल्यांनी जपून, ऑक्सलेट असतं. किडनीच्या पेशंटना पोटॅशियमचा प्रश्न. शुगर असेल तर गाळलेल्या रसापेक्षा कोशिंबीर बरी. आणि दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका, काहींना होतं.

ए-५०२: चोथ्याचं काय करता? ओल्या कचऱ्यात जातो सगळा.

ए-१०४: अहो दादा, टाकता कशाला? एक वाटी चोथ्याला दोन वाट्या भाजणी, कांदा, मिरची, ओवा. चोथ्यात ओल असते, पाणी जपून घाला. थालीपीठ तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर लावा, मोठ्या आचेवर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं.